एडिनबरोचं आर्थर सीट: विझलेल्या ज्वालामुखीवर कुठून चढावं, कुठून उतरावं

आर्थर सीट म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर आठवतं. समोर सावित्रीचं खोरं, खाली कोकण, कठड्याला टेकलेली गर्दी. तो पॉइंट सर आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा. इथे लिहायचंय ते दुसऱ्या आर्थर सीटबद्दल, स्कॉटलंडची राजधानी एडिनबरोच्या अगदी मध्यात असलेल्या डोंगराबद्दल. उंची २५१ मीटर. हा खराखुरा ज्वालामुखी होता, साधारण ३४ कोटी वर्षांपूर्वी धगधगलेला आणि आता पुरता विझलेला. तिकडे शिकायला गेलेली मराठी मुलं लवकरच यावर चढतात आणि आईवडील भेटायला आले की त्यांनाही घेऊन जातात. त्या सगळ्यांसाठी ही माहिती.

आधी उंचीचा हिशेब. पायथ्याचा हॉलिरूड राजवाडा समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर आहे, म्हणजे प्रत्यक्ष चढ सुमारे २१० मीटरचा. पुण्याच्या भाषेत सांगायचं तर पर्वतीहून बराच जास्त आणि आतकरवाडीतून सिंहगड चढतो त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. हा आकडा ऐकून माणूस गाफील राहतो आणि तिथेच गडबड होते. गुळगुळीत तळव्याचे बूट, सुती हूडी, हातात कॉफीचा कप अशा थाटात लोक वर जातात. पहिले १८० मीटर ते खपूनही जातं. शेवटचे तीस मीटर मात्र उघड्या कातळाचे आणि वाऱ्याच्या माऱ्यातले आहेत. पाय मुरगळतात, मनगटं मोडतात ती बहुतेक तिथे, आणि तीही उतरताना.

वाट निवडण्याआधी खडक समजून घेतला तर पुढचं सगळं सोपं होतं. सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच, पण आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा थरांवर थर पसरत गेला. कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहिलं तर आपण अशाच एका थरावर उभे असतो. ते काही ज्वालामुखीचं तोंड नव्हे. आर्थर सीटचा माथा ही वेगळी चीज आहे. ज्या नळीतून लाव्हा वर आला त्याच नळीत शेवटी तो गोठला आणि तिचं बूच झालं. वरचा शंकू कोट्यवधी वर्षांत झिजून गेला, कठीण बूच तेवढं उरलं. माथ्यावर आपण त्या बुचावर उभे असतो. अशा मुख्य नळ्या इथे दोन: माथ्याची, जिला सिंहाचं डोकं म्हणतात, आणि तिच्या दक्षिणेची मोठी, सिंहाची मांडी. लांबून पाहिलं तर डोंगर खरंच बसलेल्या सिंहासारखा दिसतो. एडिनबरोचा किल्ला ज्या कातळावर आहे, तेसुद्धा असंच एक बूच.

पुढे हा सगळा प्रदेश पूर्वेकडे कलला. मग हिमयुगात पश्चिमेकडून बर्फाच्या नद्या आल्या. कठीण खडकाच्या पश्चिम अंगावर त्यांनी कडे तासले आणि पूर्वेकडच्या आडोशाला मऊ उतार शिल्लक ठेवला. म्हणून या डोंगराला, आणि शहरातल्या बहुतेक टेकड्यांना, एकच नियम लागू पडतो: पश्चिम बाजू उभी, पूर्व बाजू निवांत. किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत उतरत येणारा तो प्रसिद्ध रस्ता, रॉयल माइल, म्हणजे किल्ल्याच्या कातळामागे वाचलेली अशीच एक शेपटी. वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडून त्या उताराने वीसेक मिनिटं चालत आलात की पायथा आला. डोंगर चढण्याआधीच हिमनदीचं काम पायाखालून जातं.

आता वाटा. पहिल्यांदा जाणाऱ्याने राजवाड्याच्या बाजूने चढावं. क्वीन्स ड्राइव्ह हा डोंगराभोवतीचा रस्ता ओलांडून डावीकडे सेंट मार्गारेट्स लॉख या छोट्या तळ्याकडे वळायचं. तळ्याच्या वर सेंट अँथनीच्या चॅपेलच्या पडक्या भिंती दिसतात, तीच खूण. तिच्या मागून ड्राय डॅम नावाची गवताळ घळ सरळ वर जाते. चढ अंगावर येत नाही आणि दोन्ही बाजूंच्या धारांमुळे वाराही अडतो. घळ संपते तिथे खिंड. डावीकडे व्हिनी हिल, उजवीकडे माथा. खिंडीतून दगडी पायऱ्यांची वळणावळणाची वाट आहे, आणि पायऱ्या संपल्या की तो शेवटचा कातळ. सवयीच्या माणसाला तळापासून माथ्यापर्यंत ४५ मिनिटं लागतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सव्वा तास धरा.

ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी डन्सापी लॉखची बाजू आहे. पूर्वेकडचं हे छोटं तळं शंभर मीटरहून थोड्या जास्त उंचीवर आहे आणि तिथपर्यंत गाडीरस्ता जातो. म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास चढ गाडीतच होतो. तिथून रुंद गवताळ उताराने अर्ध्या तासात वर. मात्र शनिवार-रविवारी या रस्त्याचा काही भाग मोटारींना बंद असतो आणि पार्किंगच्या जागा मोजक्या आहेत. आईवडिलांना टॅक्सीने तिथवर न्यायचं ठरवत असाल तर आठवड्यातला कामाचा दिवस निवडा.

दक्षिण-पश्चिमेकडून, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांच्या दिशेने, एक थेट चढ नकाशावर सगळ्यात जवळचा दिसतो. त्याच्या शेजारीच गटेड हॅडी नावाची धुपलेली घळ आहे. नकाशात अंतर कमी, पण हीच डोंगराची हिमनदीने तासलेली बाजू. पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, आणि वाट सोडली की सुटा मुरूम. चढायला दम लागतो, उतरायला त्याहून वाईट. नवख्यांनी या बाजूला जाऊ नये. तिकडे राहत असाल तर हंटर्स बॉग या मधल्या दरीतून व्हॉलंटियर्स वॉकच्या सपाट वाटेने उत्तरेला चॅपेलकडे या आणि तिथून चढा. पंधरावीस मिनिटं जास्त जातील, ती वाया जात नाहीत.

शेवटच्या कातळाबद्दल नीट सांगायला हवं, कारण सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथेच चकवा बसतो. आपल्याकडचा बेसाल्ट खरखरीत असतो, बूट त्याला धरून राहतो, हातालाही खाचा मिळतात. इथलाही खडक बेसाल्टच, पण पिढ्यान्‌पिढ्या लाखो बुटांनी घासून त्याला देवळाच्या उंबरठ्यासारखी झिलई आली आहे. कोरडा असतानाही काही जागी तो चकाकतो. ओला झाला की बुटाची नक्षी कितीही खोल असो, पाय सटकतो. त्यातल्या त्यात मऊ रबराचा तळवा कामाला येतो, जुन्या बुटाचा कडक पडलेला तळवा अजिबात नाही. भारतातून नेलेले ट्रेकिंगचे बूट चालतात, पण दोन-तीन पावसाळे काढलेले असतील तर नवे घ्या. चालताना चकाकणाऱ्या जागा टाळायच्या आणि कडेच्या राखाडी, खडबडीत भागावर पाय द्यायचा. वाट जिथे सगळ्यात मळलेली असेल तिथे ती सगळ्यात निसरडी असते. उतरताना तीन आधार पक्के ठेवायचे, दोन पाय आणि एक हात. म्हणजे मोबाइल खिशात. बसून उतरण्यात काहीही कमीपणा नाही.

थंडीत गोठलेला दिवस असेल तर हा कातळ चढूच नये. पायऱ्यांवर झिरपलेलं पाणी रात्री गोठतं, आणि बर्फ पडून शंभर माणसांनी तुडवला की त्याची काच होते. बुटाला लावायच्या छोट्या खिळ्यांच्या साखळ्या नसतील तर खिंडीतूनच व्हिनी हिलकडे वळा. समुद्र, खाडी, पूर्वेचा किनारा सगळं तिथूनही दिसतं. फक्त शहराचा थोडा भाग माथ्याआड जातो.

आता हवा. तिकडचा हवामान अंदाज वाऱ्याचा वेग मैलांत सांगतो, हे लक्षात ठेवा. ताशी ४० मैल म्हणजे ६४ किलोमीटर. झोत इतक्या जोराचे सांगितले असतील तर माथ्यावर उभं राहणं अवघड होतं आणि लहान मुलांना तर नेऊच नये. पायथ्याशी राजवाड्याच्या भिंतींआड नुसती झुळूक असते, ड्राय डॅमच्या घळीतही फारसं जाणवत नाही, आणि खिंडीत पाऊल टाकलं की वारा एकदम तोंडावर येतो. पाच अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला शून्याखाली गेल्यासारखं वाटतं. म्हणून घामाने भिजणारा सुती कपडा आत नको. आत सिंथेटिक किंवा लोकरीचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. फ्लीस चढताना पाठपिशवीत ठेवायचा आणि खिंडीत पोचल्यावर, वाऱ्यात शिरण्याआधी घालायचा. थंडी वाजायला लागल्यावर घातला तर उशीर झालेला असतो. कानटोपी आणि हातमोजे मे महिन्यातही जवळ असू द्यावेत. छत्रीचा काहीच उपयोग नाही, ती उलटी होते.

हार नावाचा एक प्रकार आपल्याला माहीत नसतो. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर्वेचा वारा सुटला की गार उत्तर समुद्रावरचं धुकं खाडीतून आत येतं, त्याला तिथले लोक हार म्हणतात. शहराच्या पश्चिम भागात लख्ख ऊन आणि डोंगर गायब, असं होऊ शकतं. ते वर चढत आलं तर वीस-पंचवीस मिनिटांत हाताच्या अंतरावरचं दिसेनासं होतं. अशा वेळी नवी वाट शोधायची नाही, आलो त्याच पायऱ्यांनी उतरायचं. दूरवरचं स्वच्छ दिसायला हवं असेल तर पाऊस सरून वायव्येचा कोरडा वारा सुटलेला दिवस गाठा. हवा तेव्हा धुऊन निघालेली असते.

उजेडाचं गणितही आपल्यापेक्षा फार वेगळं. जूनच्या मध्यावर सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, तर डिसेंबरच्या मध्यावर दुपारी पावणेचारच्या आत. हिवाळ्यात दीड वाजता निघालात तर उतरताना काळोख ठरलेला. मोबाइलच्या टॉर्चमुळे एक हात अडकतो आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून हेडलॅम्प घ्या. वर पाणी, शौचालय, टपरी काहीही नाही. सिंहगडावरचं पिठलं-भाकरी आणि ताक इथे विसरायचं. माणशी एक लिटर पाणी आणि खिशात चिक्की, एवढं पुरे. तिकीट नाही, कुंपण नाही, डोंगर सगळ्यांना खुला आहे. तंबू ठोकायला, शेकोटी पेटवायला आणि ड्रोन उडवायला मात्र मनाई आहे. शेकोटीची मनाई तर मनापासून पाळावी. उतारावर गॉर्सची काटेरी झुडपं आहेत, त्यांच्यात तेलाचा अंश असतो आणि कोरड्या वाऱ्यात ती भराभर पेटतात. वसंतात हीच झुडपं पिवळ्या फुलांनी भरून जातात आणि त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. एप्रिल-मे मध्ये जाणाऱ्याने व्हिनी हिलच्या बाजूला दोन मिनिटं थांबून तो घ्यावा. गॉर्सला स्कॉट लोक व्हिन म्हणतात, त्यावरूनच टेकडीचं नाव.

माथ्यावर एक पांढरट खांब आणि दिशा दाखवणारी तबकडी आहे. त्यांच्याभोवती नेहमी गर्दी असते. फोटो झाला की बाजूला व्हा आणि थोडं दक्षिण-पूर्वेला क्रो हिल या शेजारच्या माथ्यावर जा. जागा मोकळी आहे आणि तिथून मुख्य कातळ त्याच्यावरच्या माणसांसकट छान दिसतो. पश्चिमेला दोन किलोमीटरवर किल्ला आणि मधे दाटीवाटीचं जुनं शहर. किल्ल्याचा चांगला फोटो हवा असेल तर सकाळी या, सूर्य पाठीशी असतो आणि दगडी इमारती उजळतात. संध्याकाळी त्याच इमारतींच्या काळ्या आकृत्या होतात. वायव्येला फोर्थच्या खाडीवर तीन पूल: १८९० चा लाल रेल्वेपूल, १९६४ चा झुलता पूल आणि २०१७ चा क्वीन्सफेरी क्रॉसिंग. उत्तरेला लीथ बंदर, इंचकीथ बेट आणि पलीकडे फाइफचा किनारा. दक्षिणेला खाली डडिंगस्टन लॉख, मागे पेंटलंडच्या डोंगररांगा.

पूर्वेकडे मात्र नीट वेळ द्या. किनाऱ्यावर एकटा उठलेला शंकू म्हणजे नॉर्थ बेरिक लॉ, १८७ मीटर. त्याच्या पुढे समुद्रात बास रॉक, १०७ मीटरचा कातळ. उन्हाळ्यात तो पांढरा दिसतो, कारण त्यावर हजारो पांढरे गॅनेट हे समुद्रपक्षी दाटीने बसलेले असतात. हे दोन्हीही विझलेल्या ज्वालामुखींची बुचं. म्हणजे आपण उभे आहोत तेही बूच, समोर किल्ल्याखाली आहे तेही, आणि पस्तीसेक किलोमीटरवर समुद्रातून वर आलंय तेही. एका जागेवरून इतक्या विझलेल्या नळ्या मोजता येणं ही या माथ्याची खरी कमाई आहे. पूल आणि किल्ला सगळेच पाहतात.

उतरण्यासाठी, गवत कोरडं असेल तर डन्सापीची पूर्व बाजू. उतार मऊ आहे, गुडघ्यांना आराम मिळतो. गवत ओलं असेल तर हाच उतार दगडी पायऱ्यांपेक्षा धोकादायक ठरतो, कारण एकदा घसरलं की थांबायला काही नसतं. पावसानंतर आल्या पायऱ्यांनीच परता. डन्सापीच्या आसपास ऊन तिरपं असताना उतारावर आडव्या पट्ट्या दिसतात, ती जुन्या काळची पायऱ्यापायऱ्यांची शेती. जव्हार-भीमाशंकरकडचे उतार पाहिलेल्याला ती लगेच ओळखू येईल. माथ्याच्या ईशान्य उतारावर १८३६ साली सशांच्या मागे लागलेल्या मुलांना एका कपारीत सतरा इवल्याशा शवपेट्या सापडल्या होत्या, प्रत्येकीत एक कोरलेली लाकडी बाहुली. त्या कोणी आणि कशासाठी ठेवल्या याचा उलगडा आजवर झालेला नाही. उरलेल्या आठ पेट्या शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पावसाचा दिवस निघाला तर तिकडे जाता येतं.

खाली आलात की सॉल्सबरी क्रॅग्जकडे बघितल्याशिवाय निघू नका. राजवाड्यासमोरची ती लांब, काळपट कड्यांची भिंत. हा लाव्हा कधी बाहेर आलाच नाही, जमिनीखालीच वाळूच्या दगडाच्या थरांमध्ये घुसून गोठला. अठराव्या शतकात पुष्कळ विद्वान असे खडक समुद्राच्या पाण्यातून साचले असं मानत. भूशास्त्रज्ञ जेम्स हटन समोरच्या सेंट जॉन्स हिलवर राहायचा. वितळलेल्या खडकाने खालचे थर कसे उचकटले आणि वाकवले, हे त्याने याच कड्याच्या पायथ्याशी दाखवून दिलं. तो भाग आजही हटनच्या नावाने ओळखला जातो. हटनच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षं होत आली तरी वाद मिटला नव्हता. एडिनबरोत वैद्यक शिकायला आलेल्या चार्ल्स डार्विनला त्याच्या प्राध्यापकांनी याच कड्याजवळ उभं राहून सांगितलं, की इथल्या थरांमधली खडकाने भरलेली भेग वरून गाळ पडून भरली आहे. डार्विनने हे आत्मचरित्रात नोंदवलंय. तिथे त्याने या खडकाला ट्रॅप म्हटलंय, आणि आपल्या सह्याद्रीच्या लाव्हा-थरांना दख्खन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप तोच: पायरी या अर्थाचा स्वीडिश शब्द.

कड्याच्या पायथ्याने जाणारी रॅडिकल रोड ही वाट १८२० च्या उठावानंतर बेकार विणकरांच्या हातून बांधली गेली. २०१८ मध्ये दरड कोसळल्यावर ती बंद केली गेली. फाटक किंवा फलक लावलेला दिसला तर ओलांडून जाऊ नका, तिथले दगड खरंच सुटे आहेत. कड्याच्या माथ्यावरून, मागच्या गवताळ बाजूने चालता येतं. पण उतार पूर्वेकडे इतका सौम्य आहे की कडा कुठे संपतो हे लक्षात येत नाही आणि कठडा नाही. मुलांचा हात धरूनच चाला, काठापासून चार पावलं आत.

अंगात अजून तासाभराची ताकद असेल तर डन्सापीहून उलट दिशेला जेकब्स लॅडरच्या पायऱ्यांनी डडिंगस्टन गावात उतरा. बाराव्या शतकातलं चर्च, पाणपक्ष्यांनी भरलेलं तळं, आणि शीप हीड नावाची जुनी खानावळ, जिथे गरम सूप मिळतं. तिथून खालच्या रस्त्याने पश्चिमेला निघालात की उजव्या हाताला सॅमसन्स रिब्ज लागतात: बेसाल्टचे उभे, पाचकोनी-षटकोनी खांब, एकमेकांना चिकटून उभे राहिलेले. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला अशा नियमित भेगा पडतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर हे खांब परके वाटणार नाहीत. रचना तीच, फक्त इथला खडक पाचपट जुना. याही कड्यातून दगड सुटतात, म्हणून रस्ता कधीकधी बंद ठेवतात. तसं असेल तर त्याला समांतर जाणारी इनोसंट रेल्वेची वाट धरा. १८३१ साली सुरू झालेल्या त्या रेल्वेचे रूळ आता नाहीत, सपाट पायवाट आहे. तिने अर्ध्या तासात शहरात पोचता येतं, शेवटचा टप्पा दिवे लावलेल्या जुन्या बोगद्यातून. सायकली मागून वेगाने येतात, तेवढी डावी बाजू सोडू नका.